बैठकीचं चित्रण: तबलजीचा हात आणि तबल्याचा आवाज जुळेना

लश्करवासी

नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीत आमच्या मंडळाने ग्वाल्हेरच्या लश्कर भागात एका ज्येष्ठ गायिकेची बैठक ठेवली होती. ग्वाल्हेर गायकीची पक्की तालीम, वय सत्तरीच्या पुढे. दोन तास दहा मिनिटं गायल्या. तिलवाडा तालातला बडा ख्याल, मग द्रुत, एक टप्पा आणि शेवटी तराणा. त्या आता फार कुठे गात नाहीत, म्हणून हे चित्रण नीट जपून ठेवायचं असं सगळ्यांनी ठरवलं आणि संपादनाचं काम माझ्याकडे आलं.

कॅमेरा हॉलच्या मागच्या भिंतीपाशी, मंचापासून बाराएक मीटरवर, सेकंदाला २५ फ्रेम्स. एक फोन तबलजींच्या बाजूला, दोन मीटरवर. आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर बाईंच्या समोर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सलग एकच फाइल.

कॅमेऱ्याने मधे मधे तोडून पाच फाइली केल्या. त्या टाइमलाइनवर एकापुढे एक लावल्या आणि सुरुवातीला रेकॉर्डरचा आवाज जुळवला. पहिला ख्याल अगदी चोख. पुढे हळूहळू फट पडत जाते आणि तराण्यापर्यंत तबलजींचा हात आधी पडतो, 'धा' मागून येतो. फोनचं वेगळंच. कधी आवाज पुढे, कधी मागे, कधी मधेच आपोआप बरोबर.

संपादनासाठी दाविंची रिझॉल्व्ह ह्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरतो आहे. हे दुरुस्त कसं करायचं? आणि आवाज ताणला तर गाण्याला धक्का लागेल का?

---

बाड्यावरचा

कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज चालू होता ना? मग मीडिया पूलमध्ये क्लिप आणि रेकॉर्डरची फाइल दोन्ही निवडा, राइट क्लिक, 'ऑटो सिंक ऑडिओ', 'बेस्ड ऑन वेव्हफॉर्म', म्हणजे आवाजाच्या आलेखावरून. झालं काम. हाताने कशाला जुळवत बसता?

---

मुरारकर

बाड्यावरचा, त्याने सुरुवात जुळेल. धागाकर्त्यांची सुरुवात जुळलेलीच आहे, बिघडतंय ते शेवटाला.

लश्करवासी, तुमच्याकडे दोन निराळे आजार आहेत आणि लक्षणं तुम्ही छान वेगळी करून लिहिली आहेत. फट एकाच दिशेने वाढत जाते, तो एक. कधी पुढे कधी मागे, तो दुसरा. आधी पहिल्याचं बघू.

कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांच्याही पोटात वेळ मोजणारा एक स्फटिक असतो. दोघांचा 'एक सेकंद' तंतोतंत सारखा नसतो. दोघांत दशलक्षात वीस भागांचा फरक असला, जो अशा उपकरणांत अगदी सर्रास असतो, तर तासाला ७२ मिलिसेकंद होतात. २५ फ्रेम्सला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. म्हणजे तासाला जवळजवळ दोन फ्रेम्स, दोन तासांना साडेतीन. ह्यात कुठलंही उपकरण बिघडलेलं नाही.

त्यात पाच फाइलींची भर. बरेच कॅमेरे ४ जीबीला किंवा अर्ध्या तासाला नवी फाइल सुरू करतात, आणि काहींत त्या सांध्यावर एखादी-दुसरी फ्रेम गळते. फाइली सलग लावल्या की गळालेली प्रत्येक फ्रेम पुढच्या सगळ्यात साठत जाते. चित्र लवकर पुढे सरकतं, आवाज मागे राहतो. तुमची तक्रार नेमकी हीच आहे.

---

लश्करवासी

मुरारकर, सांध्यांचं हे डोक्यातच आलं नव्हतं. तराण्यात साधारण चार-पाच फ्रेम्सची फट दिसते आहे. तुमच्या हिशेबात बसतं.

---

वहिनीसाहेब

चार फ्रेम्स म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. एवढ्यासाठी इतका खटाटोप? घरचे लोक फोनवर बघणार, कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. एकदाचं सगळ्यांना पाठवून द्या हो, सगळे वाट बघत असतील.

---

तिलवाडा१६

वहिनी, आदर ठेवून सांगतो, इथे मी कडाडून विरोध करणार.

द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चालला असेल तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. मात्रेत चार बोल वाजले तर एकेक बोल साठ-बासष्ट मिलिसेकंदांचा. चार फ्रेम्स म्हणजे १६० मिलिसेकंद, म्हणजे अडीच बोल! पडद्यावर हात 'तिरकिट' संपवून पुढे गेलेला आणि कानावर अजून 'तिर' येतंय. तबला शिकणारं पोर हे चित्रण बघून हात बसवायला गेलं तर त्याला काय दिसेल? बोट कुठे पडलं, कडेच्या चाटेवर की आतल्या मैदानावर, हे बघायलाच तर मुलं असली चित्रणं वीस वीस वेळा लावतात.

ग्वाल्हेरात तरी असं म्हणू नये. १९१८ साली माधव संगीत विद्यालय ह्याच गावात उघडलं. राजाभैया पूछवाले, कृष्णराव शंकर पंडित ह्यांनी इथेच बसून शिष्य तयार केले. ती तालीम आपल्याला बघायला मिळत नाही, कारण तेव्हा असं सहज चित्रण होत नव्हतं. आता आहे, तर ते खरं असलं पाहिजे.

---

सयाजीगंजकर

तिलवाडा, +१. फक्त बडोदेकर म्हणून एक भर घालतो. भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली आमच्या बडोद्याला भरवली, सयाजीरावांच्या आश्रयाने. तुमचं विद्यालय त्यानंतर दोन वर्षांनी. आणि आमची गायनशाळा तर १८८६ ची, मौलाबक्षांची.

---

तिलवाडा१६

सयाजीगंजकर, मान्य, मान्य! पण ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू-हस्सू खाँ आमचे.

---

छप्पनवाली

दोघांचं भांडण मिटलं असेल तर इंदूरहून एक प्रश्न. धागाकर्ते दादा, तुम्ही जुळवणी तपासताना आवाज कशावर ऐकता? ब्लूटूथ इअरफोन असेल तर तो लगेच काढा. त्याने आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. सिनेमा बघताना प्लेअर ते सांभाळून घेतो, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरात तसा भरवसा नाही. माणूस बरोबर असलेली क्लिप हलवून बिघडवतो. वायरवाला हेडफोन लावा.

---

लश्करवासी

छप्पनवाली ताई, वायरवालाच आहे. पण आमचे मंडळाचे चिटणीस त्यांच्या ब्लूटूथवर ऐकून "अजून आठ फ्रेम्सचा फरक आहे" असं सांगत होते, त्याचा उलगडा आत्ता झाला!

---

मुरारकर

छान, तो प्रश्न निकालात निघाला. आता उपाय.

पाचही क्लिप्स एकमेकींपासून सोडवा. प्रत्येक क्लिप रेकॉर्डरच्या सलग आवाजाखाली स्वतंत्रपणे जुळवा. आवाजाची फाइल लॉक करून ठेवा, तिला हात लावायचा नाही. तीच आधार, चित्र तिच्याप्रमाणे हलेल.

आणि क्लिप तिच्या सुरुवातीला जुळवू नका, मध्यावर जुळवा. अर्ध्या तासाच्या क्लिपमध्ये दशलक्षात वीसच्या हिशेबाने ३६ मिलिसेकंदांची घसरण होईल. मध्यावर शून्य धरलं तर दोन्ही टोकांना १८-१८ मिलिसेकंद उरतात. अर्ध्या फ्रेमपेक्षाही कमी. ते कुणालाही दिसणार नाही, तिलवाडाभाऊंनाही नाही.

मग ताणाताणीची गरजच राहत नाही.

---

बाड्यावरचा

पण क्लिपचा वेग बदलणं सोपं नाही का? चित्राचा वेग ९९.९९ टक्के करून टाकायचा.

---

मुरारकर

बाड्यावरचा, हिशेब करून बघा. ०.०१ टक्का म्हणजे दशलक्षात शंभर. तासाला ३६० मिलिसेकंद, नऊ फ्रेम्स. आपल्याला दोन फ्रेम्स हलवायच्या आहेत. वेगाच्या खिडकीत दशांशानंतर दोनच अंक चालत असतील तर सगळ्यात लहान पाऊलसुद्धा गरजेच्या चौपट-पाचपट मोठं पडतं. शिवाय चित्राचा वेग बदलला की कुठेतरी फ्रेम दुहेरी होते किंवा दोन फ्रेम्स एकमेकींत मिसळतात.

---

षड्जपंचम

मी उशिरा आले, पण धाग्यातला दुसरा प्रश्न सगळे विसरले आहेत. आवाज ताणला तर गाण्याला धक्का लागेल का?

माझं मत सरळ आहे. गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाला हात लावू नये. बाईंनी जो सा लावला, तानपुरे ज्या सुरात मिळवले, ते तसंच राहिलं पाहिजे. चित्रासाठी सूर हलवणं मला पटणार नाही, अगदी केसभरही.

---

ठाकठीक

षड्जपंचम ताई, भावना पूर्ण मान्य. पण आकडा बघितला तर भीती कमी होईल. वेग दशलक्षात वीसने बदलला तर सुराचा फरक ०.०३५ सेंट पडतो. बारा स्वरांतल्या एका अंतराचे शंभर सेंट. सगळ्यात लहान श्रुती बावीसएक सेंटची. तानपुऱ्याची तार पंख्याच्या वाऱ्याने ह्याच्या कैकपट उतरते.

खरा धोका दुसरीकडे आहे, त्यावर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. रेकॉर्डर ४४.१ किलोहर्ट्झवर आणि प्रकल्प ४८ वर असेल आणि कुठल्या तरी टप्प्यावर फाइल रूपांतर न होता नुसती ४८ समजून वाजवली गेली, तर आवाज जवळजवळ नऊ टक्के पळतो आणि सूर बारा स्वरांतल्या जवळजवळ दीड अंतराने चढतो. काळी चार पट्टीत गाणारी बाई पांढरी सहाच्याही वर, काळी पाचच्या जवळ गायला लागते. लश्करवासींचं ४८ ला ४८ आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

दुसरं, आवाज जुळवायचाच असेल तर ऑडॅसिटी ह्या आवाजाच्या सॉफ्टवेअरात 'चेंज टेम्पो' वापरू नका. तो सूर कायम ठेवून लांबी बदलतो, त्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा शिवतो. तबल्याच्या ठोक्याची धार त्यात बोथट होते. 'चेंज स्पीड' साधा आहे, टेप किंचित हळू फिरवल्यासारखा. त्यात नवी लांबी थेट लिहिता येते.

---

षड्जपंचम

ठाकठीक, आकड्यांबद्दल आभार. ०.०३५ सेंट ऐकू येणार नाही हे मान्य करते. तरीही मूळ फाइल बाजूला जपून ठेवावी आणि जे काय करायचं ते प्रतीवर करावं, ह्यावर मी ठाम आहे. उद्या कुणाला ह्या बैठकीतल्या श्रुतींचा अभ्यास करायचा असेल तर त्याला मूळच मिळालं पाहिजे.

---

ठाकठीक

ह्यावर शंभर टक्के तुमच्या बाजूने.

---

रीळवाला

मी ग्वाल्हेरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो, आता निवृत्त आहे. तुमचं कॉम्प्युटरचं मला सगळंच समजतं असं नाही, पण हात आणि आवाज जुळवण्याचं काम आमचं रोजचंच होतं म्हणून लिहितो.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या शेजारी असते, पण त्याच चित्राचा आवाज त्याच्या शेजारी नसतो. तो वीस-एकवीस फ्रेम्स पुढे छापलेला असतो. कारण असं की चित्राच्या खिडकीत फिल्म सेकंदाला चोवीस वेळा थांबते आणि झटक्याने पुढे जाते. आवाजाला असे झटके चालत नाहीत, त्याला एकसारखी धावणारी फिल्म लागते. म्हणून आवाज वाचणारा भाग खिडकीच्या खाली, थोड्या अंतरावर. मधे फिल्मचा सैल फास ठेवायचा, तो झटके गिळतो. सोळा मिलिमीटरला हेच अंतर सव्वीस फ्रेम्सचं.

आता हा फास ऑपरेटर हाताने घालतो. एक फ्रेम मोठा झाला की आवाज एक फ्रेम मागे गेला. नवीन पोरांना आम्ही आधी हाच शिकवायचो. प्रेक्षक काही बोलत नाही, त्याला नुसतं काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. गाणं लागलं की मात्र ओरडा सुरू.

आणि फिल्म तुटली, सांधा मारला, की सांध्यानंतर पाऊण-एक सेकंद ओठ एक बोलतात आणि ऐकू दुसरंच येतं. मग सांधा आवाजाच्या डोक्याखालून गेला की आपोआप जुळतं. मुरारकर म्हणतात ते सांध्यांचं मला लगेच पटलं ते ह्याच्यामुळे. फरक एवढाच की फिल्मवर चूक मिटायची, तुमच्याकडे साठत जाते.

---

छप्पनवाली

रीळवाला काका, नमस्कार. हे वाचून फार आनंद झाला. खिडकीच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन फासांपैकी खालचाच का महत्त्वाचा, हे आज कळलं. अजून लिहा ना, वेगळा धागा काढा.

---

बाड्यावरचा

काका, धागा काढाच. आणि कधी महाराज बाड्यावर आलात तर गरम बेडई पुरी माझ्याकडून.

---

रीळवाला

काढतो. नातू टाइप करून देतो तेव्हा जमतं. बेडई सकाळीच, दुपारी गार होते.

---

ठाकठीक

फोनचा दुसरा आजार राहिला. त्याबद्दल.

फोन बहुतेकदा बदलत्या फ्रेम रेटवर चित्रण करतो. उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो, सेकंदाला तीसऐवजी चोवीस-पंचवीसच घेतो, उजेड आला की पुन्हा तीस. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेली असते, म्हणून फोनवर बघताना सगळं ठीक दिसतं. पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम्स समान अंतरावर आहेत असं धरून चाललं की गोंधळ. कधी पुढे, कधी मागे, तो ह्याचाच परिणाम.

'मीडियाइन्फो' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाका. 'फ्रेम रेट मोड'समोर 'व्हेरिएबल' दिसलं तर निदान पक्कं. मग 'हँडब्रेक'मध्ये व्हिडिओच्या पानावर 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, २५ ठेवा, दर्जा चढा ठेवा आणि नवी फाइल बनवा. रिझॉल्व्हमध्ये तीच आणा. प्रीमिअर प्रो ह्या दुसऱ्या संपादन-सॉफ्टवेअरात अशा क्लिपसाठी 'प्रिझर्व्ह ऑडिओ सिंक' असा पर्याय आहे, पण मी तिथेही आधी रूपांतरच करतो.

---

सयाजीगंजकर

आणि पुढच्या वेळी फोनवरही २५ फ्रेम्स, शटर १/५० असं पक्कं करता येईल असं कॅमेरा ॲप वापरा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातल्या दिव्यांची लुकलुकही जाते. एका दगडात दोन पक्षी.

---

बाड्यावरचा

मी पुन्हा माझ्या ऑटो सिंकवर येतो. पाच क्लिप्स स्वतंत्र जुळवायच्या तर ऑटो सिंकच करा ना. सॉफ्टवेअर दोन्ही वेव्हफॉर्म एकमेकांवर सरकवून सगळ्यात जास्त कुठे जुळतात ते शोधतं, माणसाच्या डोळ्यापेक्षा अचूक. के-डेन-लाइव्ह ह्या मोफत संपादन-सॉफ्टवेअरातही आहे, 'सेट ऑडिओ रेफरन्स' आणि मग 'अलाइन ऑडिओ टू रेफरन्स'.

---

तिलवाडा१६

आलापीत ते फसू शकतं. तानपुऱ्यांचा सलग झंकार आणि संथ स्वर, वेव्हफॉर्ममध्ये टोक म्हणून काही उभंच राहत नाही. तबला सुरू झालेला भाग असेल तर मस्त जुळतं.

पण त्याहून चांगली एक खूण तुमच्याकडे आधीच आहे. बैठकीआधी तबलजी हातोडीने तबला मिळवतात. हातोडी गठ्ठ्यावर, म्हणजे वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यावर, पडते तो ठोका कोरडा, टोकदार, आणि हात स्पष्ट दिसतो. सिनेमावाल्यांच्या क्लॅपचंच काम तो करतो. दोन रचनांच्या मधे पुन्हा सूर तपासतात तेव्हाही मिळतो. पाच क्लिप्सपैकी निदान तीनमध्ये तरी सापडेल. उरलेल्यांत तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजणाऱ्या तुकड्याचा, शेवटचा 'धा' घ्या.

---

मुरारकर

तिलवाडाभाऊ, ही खूण लाखमोलाची. आणि त्याने बाड्यावरच्यांच्या ऑटो सिंकमधली एक बारीक गोष्टही पकडता येईल.

कॅमेरा बारा मीटरवर आहे. भाद्रपदातल्या तीसएक अंश उष्णतेत आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो, म्हणजे तबल्याचा ठोका कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत ३४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. प्रकाश तत्क्षणी. म्हणजे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फाइलमध्येच आवाज चित्राच्या जवळजवळ एक फ्रेम मागे आहे. ऑटो सिंक रेकॉर्डरचा आवाज ह्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवतं. वेव्हफॉर्म तंतोतंत जुळले, पण चित्राशी एक फ्रेमचा फरक राहिलाच.

फोन दोन मीटरवर, तिथे सहा मिलिसेकंद, सोडून द्या.

म्हणून ऑटो सिंकनंतर लांबच्या कॅमेऱ्याचं चित्र एक फ्रेम उजवीकडे सरकवा. आवाज हलवायचा नाही, कारण फोनचं चित्रही त्याच आवाजाला बांधलेलं आहे.

---

बाड्यावरचा

हे पटलं. तरी एक फ्रेम मागे असलेला आवाज खटकतो का खरंच?

---

ठाकठीक

एकटी फ्रेम सहसा नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची शिफारस अशी आहे की आवाज चित्राच्या फार तर ४० मिलिसेकंद पुढे किंवा ६० मिलिसेकंद मागे चालेल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत लोकांच्या लक्षात येण्याची सीमा आवाज पुढे असेल तर ४५ आणि मागे असेल तर १२५ मिलिसेकंद दिली आहे. मागे राहिलेला आवाज माणूस जास्त सहन करतो, कारण लांबून बघताना तसंच ऐकायची सवय असते. हात पडायच्या आधी ठोका ऐकू येणं मात्र निसर्गात कधीच घडत नाही, म्हणून ते चटकन टोचतं.

म्हणजे शंका असेल तिथे आवाज किंचित मागे ठेवा, पुढे कधीच नको. वहिनीसाहेबांना उत्तरही ह्यातच आहे. १६० मिलिसेकंद ह्या सगळ्या सीमांच्या बाहेर आहे.

---

वहिनीसाहेब

वाचलं सगळं. माझा विरोध मागे. आमच्याकडे सासऱ्यांच्या षष्ट्यब्दीचं चित्रण आहे, त्यातही अण्णांचे ओठ आणि आवाज वेगळे चालतात. फोनचंच आहे. ते 'मीडियाइन्फो' लावून बघते.

---

तिलवाडा१६

वहिनी, नक्की बघा आणि इथे कळवा.

---

लश्करवासी

मंडळी, दोन रात्री बसून सगळं केलं, आता सविस्तर लिहितो.

आधी पाच क्लिप्स सुट्या केल्या. हातोडीचा ठोका पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्लिपमध्ये मिळाला. दुसरीत नुसता विलंबित ख्याल आहे, तिथे मध्यावरची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, घेतली. तिलवाड्याची सम इतकी ठळक वाजली आहे की वेव्हफॉर्ममध्ये लगेच दिसते. पाचवीत तराण्यातली तिहाई. प्रत्येक ठिकाणी आधी ऑटो सिंक, मग पडद्यावरचा हात बघून तपासणी. चित्र एक फ्रेम उजवीकडे न्यावंच लागलं, पाचही क्लिप्सना सारखंच. मुरारकर, तुमचा ३४ मिलिसेकंदांचा हिशेब डोळ्यांनी दिसला.

सांध्यांवर चित्रात फट दिसते, दोन ठिकाणी एकेक फ्रेम, दोन ठिकाणी काहीच नाही. बाकीची घसरण घड्याळांची. जिथे फट आहे तिथे फोनचं चित्र लावलं.

फोनची फाइल 'व्हेरिएबल' निघाली. रूपांतर केल्यावर पहिल्या ख्यालात चोख, तराण्यात दोन फ्रेम्स मागे, पण आता सरळ एका दिशेने. ती दर वीसेक मिनिटांनी जिथे कापून कॅमेऱ्यावर जातो तिथे परत जुळवून घेतली. प्रेक्षकांच्या टाळ्यांच्या वेळी कापलं की कुणाला काही कळत नाही.

रेकॉर्डरचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड आहे, एका नमुन्यालाही हात लावलेला नाही. षड्जपंचम ताई, तुमच्यासाठी.

काल तबलजींना दाखवलं. त्यांनी तराणा तीनदा लावायला सांगितला आणि नंतर स्वतःच्या शिष्यांना फोन करून बोलावलं.

---

षड्जपंचम

फार फार छान केलंत. एक विनंती. मूळ वेव्ह फाइल गायिकाबाईंच्या घरी आणि त्यांच्या शिष्यांकडे द्या, एमपीथ्री करून नको.

---

लश्करवासी

देतो. ४८ किलोहर्ट्झ २४ बिट म्हणजे तासाला साधारण एक जीबी, सगळी मिळून सव्वादोन. पेनड्राइव्हवर सहज मावते. एक प्रत बाईंकडे, एक मंडळाच्या कपाटात, एक माझ्याकडे. कॅमेऱ्याच्या मूळ पाच फाइलीही तशाच ठेवतो आहे.

---

ठाकठीक

तिन्ही प्रती एकाच प्रकारच्या पेनड्राइव्हवर नकोत, निदान एक हार्ड डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर त्यातला मजकूर जाऊ शकतो.

---

मुरारकर

आणि पुढच्या बैठकीला सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा, मंचावर उभं राहून एकेक जोरदार टाळी वाजवा, दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी. दोन टाळ्यांमधलं अंतर रेकॉर्डरवर आणि कॅमेऱ्यावर मोजलं की घड्याळांतला फरक एका वजाबाकीत हाती येतो. तुमच्या ह्याच दोन उपकरणांसाठी तो आकडा पुढेही जवळपास तोच राहील, लिहून ठेवा.

---

लश्करवासी

लिहून ठेवतो. कोजागिरीला सतारवादन आहे, तेव्हाच करून बघू.